कसरत आणि चरितार्थ

व्यायामानें शरीर सुदृढ होतें ही गोष्ट सर्वमान्य आहे. परंतु व्यायामानें चूलही पेटते, हें कोणी लौकर मान्य करीत नाहीं. मलबार किनाऱ्यावरील तेल्लिचेरी, म्हणजे आजचें तलश्शेरी, या गांवाचा इतिहास या बाबतींत विचार करण्याजोगा आहे; आणि त्याचा आरंभ एका महाराष्ट्रीयापासून झाला, हें विशेष होय.

१८७९ सालीं किआरिनी या इटालियन गृहस्थाची सर्कस मुंबईस आली. ती पाहून अंकलखोपचे अश्वविद्यापटु विष्णुपंत छत्रे यांनीं १८८० मध्यें आपली स्वतंत्र सर्कस उभी केली. घोड्यांची विद्या त्यांच्यापाशीं होती. परंतु खेळ वाढावयाचा तर झुल्यावर झेप घेणारीं, दोरावर तोल सांभाळणारीं माणसें तयार होणें अवश्य होतें. पुढें कांहीं वर्षांनीं ही सर्कस तेल्लिचेरीस गेली असतां छत्रे यांची गांठ कीलेरी कुन्हिकण्णन यांच्याशीं पडली. हे गृहस्थ बासेल मिशनच्या शाळेंत व्यायाम शिकवीत. सर्कशीसाठीं तरुण तयार करण्याचें कार्य त्यांनीं अंगावर घेतलें, आणि १९०१ मध्यें चिरक्करा येथें सर्कसविद्येची शाळाच घातली.

सर्कशीला कसलेला माणूस हवा असे आणि तो शाळेंत घडत असे. विद्या आणि नोकरी यांच्यामध्यें अर्जांचा ढीग नव्हता. १९०४ मध्यें त्यांचे शिष्य परियाली कण्णन यांनीं मलबार ग्रँड सर्कस काढली. म्हणजे काम मागणारा शिष्य काम देणारा धनी झाला. कण्णन बोंबायो हा दुसरा शिष्य दोरावरील कसरतींनीं युरोप-अमेरिकेंत गाजला. १९३९ मध्यें गुरु निवर्तले, तरी तेल्लिचेरी हें सर्कशीचें माहेर म्हणूनच ओळखलें जाऊं लागलें.

या चित्राला दुसरीही बाजू आहे. कोवळें अंग लौकर वळतें, म्हणून मुलें अल्पवयांतच या धंद्यांत शिरत. अक्षरओळख मागें पडे, आणि अंग थकल्यावर दुसरा उद्योग हातीं नसे. अखेर २०११ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें सर्कशींत मुलांना राबविण्यास मनाई केली.

बेकार तरुणांना खेळांतून काम मिळवून देऊं इच्छिणाऱ्यांस यांतून दुहेरी बोध मिळतो. शिकवावयाचें तें कोणाला हवें आहे, हें आधीं पाहावें, हा पहिला. पहिल्या नोकरीइतकीच शेवटच्या उडीनंतरच्या आयुष्याची तरतूद शिक्षणांत असावी, हा दुसरा. आणि तोच आजवर अधिक दुर्लक्षिला गेला आहे.