‘गोपनीय’चा माणूस

राज्य गुप्तवार्ता विभागाशिवाय जिल्हा पोलिसांची विशेष शाखा असते आणि ठाण्याठाण्यांत ‘गोपनीय’चा अंमलदार. जयसिंगपूरच्या ऊस परिषदेत साध्या वेशात भाषणे टिपणारा तोच आणि आमदारांच्या पीएला फोन लावून ‘साहेबांचा उद्याचा दौरा कसा?’ असं विचारणाराही तोच. त्या एका फोनात बंदोबस्तही ठरतो अन् वर पाठवायची खबरही मिळते. अहवाल पोलीस व गृहखात्याकडे जातो. त्याचा जाब विचारायला आमदाराच्या हाती उरतात तारांकित प्रश्न आणि गृहखात्याच्या मागण्यांवरची चर्चा. आपला फोन ‘अमजद खान’ या नावाखाली टॅप झाल्याचा आरोप काँग्रेसचे आमदार नाना पटोले यांनी जुलै २०२१मध्ये विधानसभेतच केला होता. – संपा.