कोणाचं वय निघून गेलं?

परवा रात्री एका मित्राच्या घरी बसलो होतो. पोरगं अडीच वर्षांचं. त्याला आत्ताच नर्सरीत टाकायचं की अजून वर्षभर थांबायचं, यावर नवरा-बायकोचं चाललं होतं. मित्र म्हणाला, "आत्ता नाही टाकलं तर मागं पडंल. इंग्रजी लहानपणीच बसतं जिभेवर."

तेवढ्यात त्याची आई पिशवीत वही घालून बाहेर निघाली. गल्लीत एका ओट्यावर साक्षरतेचा वर्ग भरतो, तिकडं. साठी उलटलेली बाई. मित्र हसला, "माय, ह्या वयात आता काय शिकती? सरणावर पाटी नेती का?"

काकू थांबल्या नाहीत. चप्पल घालता घालता एवढंच म्हणाल्या, "पासबुकातला आकडा मला तुलाच इचारावा लागतो. ते बंद करायचंय."

घरी आलो तरी हे डोक्यातून जाईना. एकाच घरात एकाला उशीर होईल म्हणून घाई आणि दुसरीला उशीर झाला म्हणून हसू. शिकायला सुरुवात करायचं योग्य वय म्हणजे नेमकं कोणतं, आणि ते आजवर ठरवलं कोणी? जुनी पुस्तकं काढून बसलो. पोस्ट लांब झालीय मंडळी, सवडीनं वाचा.

सुरुवात आपल्या डोंगरापलीकडून करू. कन्नडचा घाट उतरलं की चाळीसगावच्या बाजूला पाटणादेवी. आपल्यातले निम्मे लोक तिथं दर्शनाला नाहीतर पावसाळ्यात धबधबा बघायला जाऊन आलेत. तिथल्या पाटण गावच्या देवळातला शिलालेख मात्र फार कमी जणांना माहीत असतो. गणिती भास्कराचार्यांचा नातू चांगदेव, देवगिरीच्या सिंघण यादवाचा मुख्य ज्योतिषी. आजोबांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून त्यानं इथं मठ काढला, त्याची ही नोंद, साधारण इ.स. १२०७ ची. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी ती एकोणिसाव्या शतकात उजेडात आणली.

त्या लेखात अख्खी वंशावळ आहे. त्रिविक्रमापासून सुरू होऊन मनोरथ, महेश्वर, भास्कर, लक्ष्मीधर, चांगदेव. पिढ्यान् पिढ्या विद्वान. भास्कराचार्य जन्मले १११४ साली आणि शिकले ते वडिलांकडेच, महेश्वरांकडे. 'सिद्धांतशिरोमणी' लिहिला तेव्हा वय ३६. आता या माणसाला 'कितव्या वर्षी सुरुवात केली' असं विचारून काय उपयोग? ज्या घरात जेवताना ग्रहगणिताच्या गप्पा होत असतील, तिथं सुरुवात पाळण्यातच होते. (त्यांनीच 'करणकुतूहल' लिहिला तेव्हा वय ६९ होतं. हे आपण पोरांना सांगत नाही. ज्ञानेश्वरांचं वय तेवढं बरोबर सांगतो.)

लवकर सुरुवातीचा फायदा खरा आहे, तो मी नाकारत नाही. पण त्याच खोऱ्यात त्याच काळात कुंभाराचं पोर पण पाचव्या-सहाव्या वर्षीच चिखलात हात घालत असणार, धनगराचं मेंढरांमागं जात असणार. लवकर सुरुवात सगळेच करत होते. कशाची सुरुवात, ते जातीनं आणि घरानं ठरवलेलं होतं. मुलीचं तर जात कुठलीही असो, चूल ठरलेली. मग पाचशे-सातशे वर्षांनी यांच्यातलाच कोणी म्हणाला, मला अक्षर पाहिजे, की उत्तर तयार असायचं: आता वय निघून गेलं.

हे उत्तर ज्यांनी ऐकलं नाही, त्यांच्याकडं बघा.

जोतीराव फुल्यांचं शिक्षण मध्येच तुटलं होतं. वडिलांनी शाळेतून काढून बागेच्या कामाला लावलेलं. गफार बेग मुन्शी आणि लिजिट साहेब या दोन शेजाऱ्यांनी वडिलांची समजूत घातली आणि १८४१ मध्ये, चौदाव्या वर्षी, ते पुन्हा स्कॉटिश मिशनच्या शाळेत बसले. त्या काळी चौदा म्हणजे लग्न झालेला गडी. सावित्रीबाई १८४० ला लग्न होऊन आल्या तेव्हा त्यांना अक्षरओळख नव्हती. १८४८ ला भिडे वाड्यात त्या शिकवायला उभ्या राहिल्या तेव्हा वय सतरा. याच्यापुढची गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते आणि तिची चर्चा कमी होते. १८५५ मध्ये या दोघांनी शेतकरी-मजुरांसाठी रात्रीची शाळा काढली. दिवसभर राबलेली मोठी माणसं रात्री येऊन बाराखडी गिरवायची. म्हणजे आमच्या गल्लीतल्या त्या ओट्याला १७० वर्षांचा इतिहास आहे.

धोंडो केशव कर्व्यांचा किस्सा तर वाचताना मी मोठ्यानं हसलो. मुरूडचे हे पोरगं सहावीच्या परीक्षेसाठी घाट चढून शंभरावर मैल पायी साताऱ्याला गेलं. परीक्षकांनी बघितलं आणि म्हणाले, तू सतरा वर्षांचा वाटत नाहीस. परत पाठवलं! वय भरलेलं होतं, पण दिसायला लहान. पुढच्या खेपेला कोल्हापुरात परीक्षा दिली. मॅट्रिक व्हायला १८८१ उजाडलं, तेव्हा वय २३. आज तेविशीत दहावी पास झालेल्याला आपण काय म्हणतो? हा माणूस पुढे फर्ग्युसनला गणित शिकवू लागला आणि १९१६ ला त्यानं महिला विद्यापीठ काढलं.

त्यांच्या दुसऱ्या पत्नी गोदूबाई, म्हणजे बाया कर्वे, बालविधवा. १८८९ मध्ये पंडिता रमाबाईंनी मुंबईत शारदा सदन काढलं, त्यातल्या पहिल्या विधवा विद्यार्थिनी याच. विशी उलटलेली होती. आणि त्यांची बहीण पार्वतीबाई आठवले यांचं काय सांगावं! विसाव्या वर्षाच्या आसपास वैधव्य, पदरात मुलगा, पंचविशीनंतर शिक्षणाला सुरुवात. हिंगण्याच्या आश्रमासाठी गावोगाव फिरून वर्गणी गोळा करायच्या. इंग्रजी येत नाही ही अडचण खटकायला लागली, तर १९१८ मध्ये, पन्नाशीला टेकलेली ही बाई सरळ अमेरिकेला गेली. तिथं लोकांच्या घरी घरकाम करत करत इंग्रजी शिकली आणि १९२० ला परत आली. तिचे उच्चार मेमसाहेबासारखे झाले असतील असं मला वाटत नाही. पण आश्रमाचं काम चार लोकांना समजावून सांगण्याइतकी भाषा तिला पाहिजे होती.

आता आपल्या मराठवाड्याचं. निजामाच्या राज्यात कारभार उर्दूत, वरचं शिक्षण उर्दूत, आणि खेड्यात शाळा सापडली तर नशीब. माझे आजोबा सही करायला शिकले ते पोलीस ॲक्शननंतर, तीन पोरांचा बाप झाल्यावर. १९५० ला बाबासाहेबांनी औरंगाबादेत कॉलेज काढलं, आजचं मिलिंद. विद्यापीठ आलं १९५८ ला. आमच्या भागातल्या कितीतरी घरांत पहिली सुरुवातच तेव्हा झाली. अशा मुलखात 'योग्य वय' हा शब्द वापरताना जीभ जरा अडखळली पाहिजे.

सरकारनंही हे एकदा मनावर घेतलं होतं. १९५९ मध्ये सातारा जिल्ह्यात ग्रामशिक्षण मोहीम सुरू झाली. गावानंच गावातल्या मोठ्या माणसांना शिकवायचं, आणि सगळे साक्षर झाले की देवळासमोर समारंभ. ती राज्यभर गेली, १९७२ ला युनेस्कोचा पुरस्कार मिळाला. पण समारंभ झाला, हार-तुरे झाले, पुढं वाचायला काही नाही, सराव नाही. अनेक जण शिकलेलं विसरले. लोक म्हणाले, बघा, म्हाताऱ्यांच्या डोक्यात राहत नाही. सहा महिने पुस्तक न उघडलेल्या पोराच्या डोक्यात काय राहतं, हे कोणी विचारलं नाही.

डोक्यात काय होतं ते आता मशीनवर दिसतं. लखनौजवळच्या खेड्यांतल्या निरक्षर लोकांना, बहुतेक तिशीतल्या बायका, सहा महिने देवनागरी वाचायला शिकवलं आणि आधी-नंतर मेंदूची छायाचित्रं काढली. २०१७ ला तो अभ्यास प्रसिद्ध झाला. मेंदूत बदल दिसला, तो पण अगदी खोल भागात. आणि मित्राच्या मुद्द्यात पण तथ्य आहे, बरं का. २०१८ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी सुमारे ६ लाख ७० हजार लोकांच्या इंग्रजी व्याकरणाची ऑनलाइन चाचणी घेतली. जन्मभाषेसारखी सफाई पाहिजे असेल तर दहा वर्षांच्या आसपास सुरुवात झालेली बरी, असं निघालं. पण व्याकरण शिकायची ताकद सतरा-अठराव्या वर्षापर्यंत चांगली टिकते, हे पण त्यातच निघालं. दहा वर्षं म्हणतायत, अडीच नाही. मित्राला पाठवलंय. निळी खूण आली, उत्तर नाही.

मी स्वतः पत्रकारितेचा डिप्लोमा केला तेव्हा वर्गात सगळ्यात मोठा होतो. पोरं मला 'काका' म्हणायची. पहिल्या महिन्यात सोडून द्यावं वाटलं होतं, कारण मी हुशार नव्हतो असं नाही, लाज वाटत होती. काकूंच्या वर्गात जाऊन बसलो तेव्हा तीच लाज दिसली. काही बाया अंधार पडल्यावरच येतात, शेजारणीनं बघू नये म्हणून. ठाणे जिल्ह्यात मुरबाड तालुक्यातल्या फांगण्यात २०१६ पासून आजीबाईंची शाळा चालते, गुलाबी नऊवारीत, दिवसाढवळ्या. साठीपासून नव्वदीपर्यंतच्या बाया. त्या गुलाबी लुगड्याचं मला आधी कौतुक वाटायचं नाही, फोटोसाठी केलंय असं वाटायचं. आता कळतं ते कशाला पाहिजे.

आपला ओट्यावरचा वर्ग सरकारच्या 'उल्लास' योजनेतला. पंधरा वर्षांपुढचं कोणीही बसू शकतं. शेवटी १५० गुणांची चाचणी: वाचन ५०, लेखन ५०, संख्याज्ञान ५०. शिकवणारे स्वयंसेवक बिनपगारी. आपल्याकडं बारावीची एक पोरगी शिकवते. तिला विचारलं, अडचण काय? मला वाटलं म्हणेल, लक्षात राहत नाही. ती म्हणाली, "काका, निम्म्या जणींना फळा दिसतो, पण वहीतलं दिसत नाही." म्हणजे चाळिशी लागलीय आणि चष्मा नाही. आम्ही मात्र त्यांचं वय झालंय म्हणून मोकळे.

तर विनंती दोन. कन्नड-सिल्लोडकडचे कोणी डोळे तपासणारे ओळखीचे असतील, तर एका संध्याकाळी पिशोरला आणा. जागा आणि चहा माझ्याकडं. आणि वर्गात एक बल्ब आहे, तो पण दाराशी. वायरिंगवाल्या कुणीतरी तो आत घेऊन द्यावा. वर्ग रात्री साडेआठला भरतो. माझा जुना दीड नंबरचा चष्मा मी परवा नेऊन दिला. काकूंना तो चालला नाही, पण शेजारी बसलेल्या अक्कांना बसला. त्यांनी आधी माझ्याकडं बघितलं, मग वहीकडं, आणि म्हणाल्या, "ह्यो 'श' आहे व्हय? मी इतके दिवस 'रा' म्हणत होते."