मनमाड जंक्शन : सांधे, खटके आणि माणसे

रेल्वेने या देशातली जातिव्यवस्था खिळखिळी केली, हा सिद्धान्त आपले विद्यार्थी परीक्षेत बिनदिक्कत लिहितात आणि आम्ही प्राध्यापक त्याला गुणही देतो. एका डब्यात ब्राह्मण आणि महार शेजारी बसले, हे खरे. पण हा इतिहास प्रवाशांचा झाला. रुळाखाली खडी ठोकणाऱ्यांचा, सांधे बदलणाऱ्यांचा इतिहास पाहायचा तर डब्यातून उतरून जंक्शनवर उभे राहिले पाहिजे. त्यासाठी मनमाडइतके योग्य ठिकाण नाही.

मुंबईहून निघालेली जी. आय. पी. कंपनीची लाईन १८६० च्या दशकात मनमाडवरून खानदेशाकडे गेली. दौंडचा फाटा १८७८ साली सुरू झाला. तो बांधला गेला तो काळ दख्खनच्या भीषण दुष्काळाचा. पुढे १९०० च्या सुमारास निजामाच्या राज्यातून गोदावरी खोऱ्याची मीटरगेज लाईन येऊन भिडली. दोन लाईनींच्या रुळांची रुंदी वेगळी. म्हणून एका गाडीतला माल उतरवून दुसऱ्या गाडीच्या वाघिणींत हमालांनी पाठीवर न्यायचा. १९९० च्या दशकात मीटरगेज उखडली जाईपर्यंत हे चालले.

इतक्या दिशांच्या गाड्या जिथे मिळतात तिथे एक चूक म्हणजे प्रेतांचा खच. सुरुवातीच्या काळात सांधेवाला एकेका सांध्यापाशी जाऊन तो हाताने फिरवी. सिग्नल दुसराच कोणी देई. दोघांचा मेळ बसेल याची खात्री नसे. इंग्लंडमध्ये जॉन सॅक्सबी याने १८५६ साली यावरच्या एका यंत्राचे पेटंट घेतले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ही पद्धत आपल्याकडेही रुजू लागली. केबिनच्या माडीवर खटक्यांची रांग असे. प्रत्येक खटका सळ्यांनी किंवा तारांनी बाहेरच्या सांध्याला वा सिग्नलला जोडलेला. पण खरी करामत खटक्यांना अडवणाऱ्या खाचा पाडलेल्या लोखंडी पट्ट्यांत होती. सांधा नीट बसून त्याला कुलूप लागल्याखेरीज सिग्नलचा खटका हलत नाही. सिग्नलचा हात पडला, की तो सांधा कोणाला फिरवता येत नाही. आणि त्या वाटेला छेद देणाऱ्या गाडीचा सिग्नल कितीही जोर लावला तरी पडत नाही. याला रेल्वेत इंटरलॉकिंग म्हणतात. माणूस दमलेला असो, झोपाळू असो, त्याच्या शहाणपणावर विसंबायचे नाही, हे त्यामागचे तत्त्व.

हे खटके ओढायला कोण होते?

१२ आणि १३ फेब्रुवारी १९३८ रोजी मनमाडला जी. आय. पी. रेल्वेतील अस्पृश्य कामगारांची परिषद भरली. अध्यक्ष डॉ. बाबासाहेब आंबेडकर. ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू, हे त्यांचे प्रतिपादन सर्वांना पाठ आहे. त्याच भाषणातला पोर्टरचा मुद्दा मात्र फारसे कोणी सांगत नाही, आणि इतिहासाच्या दृष्टीने मला तोच अधिक मोलाचा वाटतो. त्यांनी दाखवून दिले की रेल्वेतला आपला माणूस गँगमन म्हणून लागतो आणि आयुष्यभर गँगमनच राहतो. त्याला पोर्टरची जागाही क्वचितच मिळते. कारण पोर्टरला स्टेशनमास्तरच्या घरीही राबावे लागते आणि स्टेशनमास्तर सवर्ण असतो. त्याच्या घरात अस्पृश्य कसा चालेल?

या एका तपशिलाचे वजन रेल्वेची नोकरी पाहिलेल्यालाच कळेल. फलाटावरच्या पोर्टरचा पुढे सांधेवाला होई, सांधेवाल्याचा केबिनमन. शिडीची पहिली पायरी मास्तरच्या माजघरात होती. कंपनीच्या नियमात महार-मांग हा शब्दही असण्याची गरज नव्हती. एक खटका अडकला की पुढचे सारे आपोआप अडकत. मास्तरचा हा विटाळ बाबासाहेबांना लहानपणापासून ठाऊक होता. १९०१ साली मसूर स्टेशनवर ही मुले महारांची आहेत हे कळताच मास्तर मागे सरकला होता. ती लाईन दुसऱ्या कंपनीची. मास्तर त्याच जातीच्या शिडीवरचा.

माझे आजोबा गँगमध्ये होते. सिग्नलचा हात वर की खाली हे त्यांना अर्ध्या मैलावरून कळे, आणि त्या हातामागचा खटका कसा असतो हे त्यांनी कधी पाहिले नव्हते.

गंमत अशी, की बढतीचा हा प्रश्न पुढे सर्वोच्च न्यायालयात गेला तो रेल्वेतूनच. महाव्यवस्थापक, दक्षिण रेल्वे विरुद्ध रंगाचारी या खटल्यात १९६१ साली तीन विरुद्ध दोन मतांनी निर्णय झाला, की संविधानाच्या सोळाव्या कलमातले आरक्षण नेमणुकीपुरते थांबत नाही, ते बढतीलाही लागू आहे. बहुमताचा निकाल न्या. गजेंद्रगडकरांनी लिहिला. १९९२ च्या इंद्रा साहनी निकालाने ही वाट बंद झाली. १९९५ च्या सत्त्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने अनुसूचित जाती-जमातींसाठी ती पुन्हा उघडली. मनमाडच्या मंडपात मांडलेली तक्रार आणि हे कलम यांचा संबंध आमच्या अभ्यासक्रमात जोडून शिकवला जात नाही.

आता खटक्यांच्या केबिनी झपाट्याने जात आहेत. बटणे आणि संगणक आले. पण खटके ओढलेली माणसे अजून रेल्वे वसाहतींच्या आसपास राहतात. केबिनच्या जिन्यावर आपल्यातला पहिला माणूस कोणत्या साली चढला, त्याच्या हातचे पाणी जोडीदार प्याला का, हे त्यांना विचारायला आपल्या विद्यार्थ्यांनी वही घेऊन जावे.