केल्टिक हिवाळी सणोत्सव

केल्टिक हिवाळी सणोत्सव : केल्टिक भाषा बोलणाऱ्या समाजांत, विशेषतः आयर्लंड, स्कॉटलंड, वेल्स व मॅन बेट येथे, हिवाळ्याचा आरंभ व अखेर यांच्याशी निगडित असलेले पारंपरिक सण. १ नोव्हेंबरचा साउइन व १ फेब्रुवारीचा इंबोल्क हे त्यांपैकी प्रमुख होत. उन्हाळ्याच्या आरंभीचा बेल्टेन (१ मे) व सुगीचा लूनासा (१ ऑगस्ट) हे आणखी दोन सण धरून आयरिश वर्षाचे चार भाग पडत. हे चारही सण अयनदिन व विषुवदिन यांच्या दरम्यान येतात. म्हणजे त्यांचा मूळ आधार सूर्याच्या गतीपेक्षा कुरण, कळप व पीक यांच्या चक्रात अधिक आहे. सणाचा प्रारंभ आदल्या दिवशीच्या सूर्यास्तापासून होई. त्यामुळे साउइनचे बहुतेक विधी ३१ ऑक्टोबरच्या रात्री पार पडत. वेल्समध्ये हाच दिवस ‘कालान गाएआव्ह’ म्हणजे हिवाळ्याचा पहिला दिवस या नावाने ओळखला जातो. आधुनिक आयरिश भाषेत संपूर्ण नोव्हेंबर महिन्यालाच साउइन हे नाव आहे.

साधने : या सणांविषयी लोकप्रिय लेखनात अनेक विधाने निःशंकपणे केली जातात. प्रत्यक्षात त्यांचा पुरावा असमान दर्जाचा आहे. ड्रुइड या केल्टिक पुरोहितवर्गाचे ज्ञान मौखिक होते व ते लेखनबद्ध करणे त्यांना संमत नव्हते, असे जूलियस सीझरने नमूद केले आहे. ख्रिस्तपूर्व केल्टिक धर्माचे त्याच्या अनुयायांनी लिहिलेले सविस्तर वर्णन त्यामुळे उपलब्ध नाही. ग्रीक व रोमन लेखकांचे उल्लेख, कोरीव लेख व पुरातत्त्वीय अवशेष, ख्रिस्ती मठांत लिहिली गेलेली मध्ययुगीन आयरिश कथावाङ्‌मयाची हस्तलिखिते आणि सतराव्या शतकापासून नोंदविलेले लोकाचार, अशी चार प्रकारची साधने अभ्यासकांपुढे आहेत. यांतील पहिली दोन गॉलविषयी अधिक व उरलेली दोन ब्रिटिश बेटांविषयी अधिक बोलतात. त्यांच्यामध्ये अनेक शतकांचे अंतर आहे. एका साधनातील माहितीने दुसऱ्यातील उणीव भरून काढताना हे अंतर विसरले गेले, की निराधार निष्कर्ष निघतात.

कालगणना : गॉल लोक काळ दिवसांनी न मोजता रात्रींनी मोजतात व जन्मदिवस, मासारंभ आणि वर्षारंभ पाळताना आधी रात्र व मग दिवस असा क्रम ठेवतात, असे सीझर सांगतो. अंधारातून प्रकाश व हिवाळ्यातून उन्हाळा उद्भवतो, या कल्पनेला या विधानाने आधार मिळतो. १८९७ मध्ये फ्रान्समधील कॉलीन्यी येथे ब्राँझच्या एका मोठ्या पत्र्याचे तुकडे सापडले. रोमन लिपीत व गॉलिश भाषेत कोरलेले हे पंचांग सामान्यतः इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातील मानले जाते. त्यातील प्रत्येक महिन्याचे दोन भाग केलेले असून पाच वर्षांच्या अवधीत ६२ महिने, म्हणजे दोन अधिकमास, धरलेले आहेत. वेदांगज्योतिषातील पाच वर्षांच्या युगातही ६२ चांद्रमास व दोन अधिकमास येतात. चांद्रमास व सौरवर्ष यांचा मेळ घालण्याचा हा गणिती उपाय असून केवळ त्याच्या साम्यावरून दोन्ही परंपरांचा प्रत्यक्ष संबंध सिद्ध होत नाही. कॉलीन्यीच्या पंचांगात ‘सामोनिओस’ या महिन्यात तीन रात्रींच्या एका प्रसंगाची नोंद आहे. नामसाम्यामुळे तिचा संबंध साउइनशी जोडला जातो. परंतु हा महिना हिवाळ्यात येई की उन्हाळ्यात, याबाबत विद्वानांत एकवाक्यता नाही.

साउइन या नावाची व्युत्पत्तीही विवाद्य आहे. मध्ययुगीन आयरिश पंडितांनी त्याचा अर्थ ‘उन्हाळ्याचा अंत’ असा लावला. ती लोकव्युत्पत्ती असली, तरी उन्हाळा या अर्थाच्या केल्टिक शब्दाशी त्याचे नाते असू शकते. वर्ष वा ऋतू या अर्थाचा संस्कृत ‘समा’ हा शब्द व इंग्रजीतील ‘समर’ हा शब्द त्याच कुळातील होत. दुसऱ्या मतानुसार ‘एकत्र येणे’ या अर्थाच्या मूळ धातूपासून, म्हणजे संस्कृत ‘सम्’ या उपसर्गाच्या कुळातून, हे नाव आले असून त्याचा अर्थ मेळावा असा होतो.

पशुपालन व हिवाळा : आयर्लंडमध्ये गाय हे संपत्तीचे प्रमुख माप होते. बेल्टेनच्या सुमारास गुरे उंचावरील कुरणांत नेत आणि साउइनच्या सुमारास ती वस्तीजवळ परत आणीत. गुराख्यांचे व तरुण मंडळींचे घरी परतणे, हिशेब, खंड, मजुरीचे करार व मेळावे हे सर्व त्यामुळे एकाच वेळी येई. मॅन बेटावर जुन्या कालगणनेनुसार १२ नोव्हेंबर हा असा करारांचा दिवस दीर्घकाळ पाळला गेला. वैरण अपुरी म्हणून या वेळी जास्तीची जनावरे मारीत, असे सांगितले जाते. परंतु सौम्य हवामानामुळे आयर्लंडमध्ये हिवाळ्यासाठी कोणी गवत कापून साठवीत नाही व गोठेही बांधीत नाही, असे आठव्या शतकातील इंग्रज इतिहासकार बीड लिहितो. उलट नोव्हेंबरला ‘रक्तमास’ म्हणून त्या महिन्यात कापावयाची गुरे देवांना अर्पण करण्याची चाल त्याने ख्रिस्तपूर्व अँग्लो-सॅक्सन लोकांची म्हणून नोंदविली आहे. हिवाळ्याच्या तोंडाशी होणारी पशुहत्या ही एकट्या केल्टिक समाजाची खूण नव्हती, हे यावरून दिसते.

कथावाङ्‌मयातील साउइन : आयरिश कथांत अनेक महत्त्वाच्या घटना साउइनच्या काळात घडतात. अल्स्टरचे वीर साउइनपूर्वी तीन दिवस, प्रत्यक्ष साउइनचा दिवस व नंतरचे तीन दिवस असा मेळावा भरवून खेळ, मेजवान्या व पराक्रमाच्या बढाया यांत रमत, असे कू खुलिन या वीराच्या आजाराच्या कथेत सांगितले आहे. टारा येथील राजसभेचा संबंधही या सणाशी जोडला जातो. परंतु या कथांचे विशेष लक्षण म्हणजे मानवी जग व ‘शी’ यांमधील सीमा या रात्री खुली होणे. टेकड्या व प्राचीन थडगी यांच्या पोटातील अतिमानवी लोकांच्या वसतिस्थानास ‘शी’ म्हणत. रॉस्कॉमन परगण्यातील क्रूआखन (आधुनिक राथक्रोगन) येथे घडणारी नेराची कथा या दृष्टीने उल्लेखनीय आहे. आलिल व मेव या राजदंपतीच्या आव्हानावरून नेरा साउइनच्या रात्री फाशी दिलेल्या माणसाच्या पायात वेलीचा वेढा अडकविण्यास बाहेर पडतो आणि पुढे ‘शी’मध्ये प्रवेश करतो. तेथून परतताना आपल्यावर विश्वास बसावा म्हणून तो उन्हाळ्यातील वनस्पती बरोबर आणतो. बाहेर हिवाळा सुरू होत असता आत उन्हाळा नांदत असतो, ही कल्पना या सणाच्या प्रतीकसृष्टीचा गाभा होय. ऋतू नाहीसा होत नाही, तो दुसऱ्या जगात वास करतो.

काही कथांत हिवाळ्याचे भय अधिक उघडपणे व्यक्त होते. आयर्लंडवरील आक्रमणांच्या ग्रंथानुसार फोमोरी नावाच्या क्रूर वंशास नेवेदच्या प्रजेला दर साउइनला आपल्या मुलांचा, धान्याचा व दुधाचा दोन-तृतीयांश भाग कर म्हणून द्यावा लागे. आलेन हा ‘शी’मधील वादक दर साउइनला टारा येथील लोकांना संगीताने निद्रिस्त करून ते स्थान जाळी व अखेर फिन या वीराने त्याचा वध केला, अशी दुसरी कथा आहे. स्थळनामांच्या आख्यायिकांत क्रोम क्रूआख या मूर्तीला दूध व धान्य मिळावे म्हणून पहिली अपत्ये बळी देत, असे म्हटले आहे. हे लेखन ख्रिस्ती मठांतील असून जुन्या धर्माचे भीषण चित्र रंगविण्याकडे त्याचा कल आहे. त्यामुळे नरबळीचा पुरावा म्हणून ते जसेच्या तसे ग्राह्य धरता येत नाही. तथापि दूध, धान्य व संतती यांबाबतची हिवाळ्यातील चिंता त्यातून स्पष्टपणे प्रकट होते.

अग्नी व भविष्यकथन : मीथ परगण्यातील त्लाख्तगा या टेकडीवर साउइनच्या रात्री अग्नी प्रज्वलित करीत व देशातील इतर सर्व अग्नी विझवून त्यावरून पुन्हा पेटवीत, असे सतराव्या शतकातील आयरिश इतिहासकार जेफ्री कीटिंग याने लिहिले आहे. हे वर्णन बरेच उत्तरकालीन आहे. परंतु स्कॉटलंड, वेल्स व मॅन बेट येथे या रात्री आगट्या पेटविण्याची चाल अठराव्या व एकोणिसाव्या शतकांत प्रत्यक्ष आढळते. उत्तर वेल्समध्ये प्रत्येक जण खुणेचा पांढरा दगड आगटीत टाकी. सकाळी ज्याचा दगड सापडत नसे, तो पुढील साउइनपूर्वी मरण पावेल असे मानीत. विझत्या आगटीजवळून मुले घराकडे धाव घेत, कारण शेवटी राहणाऱ्याला शेपूट नसलेली काळी डुकरीण पकडते असा समज होता. सफरचंदे, कवचीची फळे व कोबीचे बुंधे यांवरून विवाहाचे भाकीत करण्याचे प्रकारही रूढ होते. स्कॉटिश कवी रॉबर्ट बर्न्स याने १७८५ मध्ये लिहिलेल्या ‘हॅलोईन’ या काव्यात त्यांचे तपशीलवार वर्णन आढळते. मार्टिन मार्टिन याने १७०३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात लूइस बेटावरील एक विधी नोंदविला आहे. रात्री एक माणूस कमरेइतक्या पाण्यात जाऊन शोनी नावाच्या सागरदेवतेला पेलाभर मद्य अर्पण करी व शेतांना खत होण्यासाठी भरपूर समुद्रशैवल पाठविण्याची प्रार्थना करी. पुढील वर्षात कोण जगेल, कोणाचे लग्न होईल व शेतात काय पिकेल, हेच प्रश्न या सर्व आचारांच्या मुळाशी आहेत.

हिवाळ्याचा मध्य : दक्षिणायनान्त हा केल्टिक सण होता, या समजास लिखित आधार फारसा नाही. प्राचीन आयरिश ग्रंथांतील चार सणांत त्याचा समावेश नाही. बॉइन नदीकाठच्या न्यूग्रेंज या दगडी थडग्यात २१ डिसेंबरच्या सुमारास उगवत्या सूर्याचे किरण प्रवेशद्वारावरील झरोक्यातून गर्भागारापर्यंत पोहोचतात. पुरातत्त्वज्ञ एम. जे. ओकेली यांनी १९६७ मध्ये हे दृश्य पाहिले. परंतु सु. इ. स. पू. ३२०० मधील ही वास्तू आयर्लंडमध्ये केल्टिक भाषा येण्याच्या फार पूर्वीची आहे. केल्टिक भाषिकांना ती वारसा म्हणून लाभली व त्यांनी तिला डाग्दा व ओएंगस या देवांचे निवासस्थान मानले. ओक वृक्षावरील मिसलटो हे बांडगूळ सोन्याच्या विळ्याने कापून दोन पांढरे बैल बळी देण्याचा ड्रुइडांचा विधी प्लिनी या रोमन लेखकाने वर्णिला आहे. मात्र त्याने चंद्राचा सहावा दिवस सांगितला आहे, हिवाळा नव्हे. २६ डिसेंबरला रेन या चिमुकल्या पक्ष्याची शिकार करून त्याची मिरवणूक काढण्याची प्रथा व वेल्समधील घोड्याच्या कवटीची ‘मारी ल्विड’ मिरवणूक यांच्या नोंदी अनुक्रमे सतराव्या शतकाच्या अखेरीपासून व १८०० पासून मिळतात. त्यांचे मूळ ख्रिस्तपूर्व असल्याचे सिद्ध झालेले नाही.

इंबोल्क : हिवाळ्याची अखेर दर्शविणारा हा सण मेंढ्यांना दूध येण्याच्या काळाशी निगडित आहे. साठवणीच्या अन्नावर कंठलेल्या महिन्यांनंतर ताजे दूध मिळू लागणे, हे त्याचे महत्त्व होय. हा दिवस किल्डेअरच्या संत ब्रिजिडचा आहे. नवव्या-दहाव्या शतकांच्या संधिकालातील कॉर्मॅकच्या शब्दकोशात ब्रिजिड ही कवींची आराध्य देवता असून वैद्यक व लोहारकाम यांच्या देवता असलेल्या तिच्या दोन बहिणींचेही नाव तेच होते, असे म्हटले आहे. ब्रिजिड हे नाव संस्कृत ‘बृहती’ या शब्दाशी सजातीय असून त्याचा अर्थ ‘श्रेष्ठ, उन्नत’ असा आहे. किल्डेअर येथे १९ जोगिणी आळीपाळीने अखंड अग्नी राखीत व विसाव्या रात्री तो स्वतः ब्रिजिडवर सोपवीत, असे बाराव्या शतकात जेरल्ड ऑफ वेल्स याने लिहिले आहे. लव्हाळ्याचे क्रूस विणणे, ब्रिजिडच्या आशीर्वादासाठी रात्री बाहेर वस्त्र ठेवणे व तिची बाहुली घरोघर मिरविणे, हे आचार विसाव्या शतकापर्यंत व्यापक प्रमाणावर टिकून होते.

ख्रिस्ती धर्म व आधुनिक अन्वयार्थ : चर्चने साउइन बुडविण्यासाठी १ नोव्हेंबरला सर्वसंतदिन ठेवला, हे मत सर्वत्र रूढ आहे. परंतु सु. ८०० च्या आयरिश संतपंचांगांत सर्व संतांचा सण २० एप्रिलला दिलेला आहे. १ नोव्हेंबर ही तारीख प्रथम इंग्लंड व जर्मनी येथील चर्चमध्ये रुजली व ८३५ मध्ये फ्रँक सम्राट पहिला लूई याने ती आपल्या राज्यात लागू केली. २ नोव्हेंबरचा मृतात्म्यांचा दिवस क्लूनीच्या ओदिलो या मठाधिपतीने दहाव्या शतकाच्या अखेरीस सुरू केला. साउइनच्या रात्री मृत आप्त घरी येतात, या श्रद्धेत या ख्रिस्ती दिवसाचा वाटा किती व जुन्या ‘शी’कल्पनेचा किती, हे आज वेगळे करणे कठीण आहे.

साउइन हे केल्टिक नववर्ष होते, हे मत ऑक्सफर्डचे पहिले केल्टिक प्राध्यापक जॉन ऱ्हीस यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मांडले. त्यांचा भर मुख्यतः वेल्स व मॅन बेट येथील तत्कालीन लोकाचारांवर होता. जेम्स फ्रेझर यांनी द गोल्डन बाउ या ग्रंथातून त्याचा प्रसार केला व साउइनला मृतांचा सण ठरविले. ब्रिटिश इतिहासकार रॉनल्ड हटन यांनी १९९६ मध्ये हा पुरावा तपासून तो अपुरा असल्याचे दाखविले. दरम्यान १९५० नंतर ब्रिटनमधील नवपेगन पंथांनी चार ऋतुसण व चार अयन-विषुवदिन एकत्र करून आठ सणांचे वर्षचक्र रचले. ते आधुनिक धार्मिक निर्मिती म्हणून अभ्यसनीय आहे, प्राचीन म्हणून नव्हे. एकोणिसाव्या शतकातील आयरिश व स्कॉटिश स्थलांतरितांबरोबर हॅलोईन अमेरिकेत रुजले. तेथे सलगम कोरून केलेल्या दिव्याची जागा लाल भोपळ्याने घेतली. आयर्लंडमध्ये २०२३ पासून संत ब्रिजिडच्या दिवसानिमित्त सार्वजनिक सुट्टी दिली जाते.

नंतर चढलेले हे थर बाजूला केल्यावर जे उरते, ते थोडे असले तरी भरीव आहे. कुरणातून परतणारी गुरे, हिवाळ्याच्या दाराशी भरणारा मेळावा, खुल्या झालेल्या ‘शी’चे भय आणि तीन महिन्यांनंतर पुन्हा मिळणारे दूध, एवढ्या आधारावर या सणांचा अर्थ उभा आहे. तो कळण्यासाठी अज्ञात ड्रुइडी विधींची कल्पना करण्याचे कारण पडत नाही.