दोन पत्रे, चार लाख रुपये

बिरवाडीसारख्या गावात शाळेची इमारत बांधावयाची ठरली, की वर्गणीच्या यादीवर आकडे लवकर चढतात. रोकड मात्र सावकाश येते. "हंगाम निघू द्या, मग पाहू," हे उत्तर आम्ही पुष्कळदा ऐकले आहे आणि, खरे सांगावयाचे तर, दिलेही आहे. अशा वेळी आम्हांस मुंबईच्या एका व्यापाऱ्याची दोन पत्रे आठवतात.

मुंबई विद्यापीठ १८५७ साली स्थापन झाले. १८६२ साली महादेव गोविंद रानडे, रामकृष्ण गोपाळ भांडारकर, वामन आबाजी मोडक आणि बाळ मंगेश वागळे हे त्याचे पहिले पदवीधर झाले, तेव्हा विद्यापीठाला स्वतःची वास्तू नव्हती. पदवीदान टाऊन हॉलमध्ये होई. १८६३ साली कावसजी जहांगीर रेडीमनी यांनी सभागृहासाठी एक लाख रुपये दिले. ग्रंथालयाचा प्रश्न उरला.

तो सोडविला प्रेमचंद रायचंद या सुरतेकडच्या जैन व्यापाऱ्याने. २७ ऑगस्ट १८६४ रोजी त्यांनी सरकारला पत्र लिहून ग्रंथालयासाठी दोन लाख रुपये देऊ केले. शहराला भूषण ठरेल अशी वास्तू व्हावी आणि तीत पुढील अनेक पिढ्यांचेही ग्रंथ साठावेत, एवढाच त्याचा आशय. सहा आठवड्यांनी, ६ ऑक्टोबरला, दुसरे पत्र गेले: घड्याळ व घंटा असलेल्या मनोऱ्यासाठी आणखी दोन लाख. मनोऱ्यास नाव मात्र स्वतःचे नव्हे, तर मातोश्री राजाबाईंचे.

हा पैसा कोठला, हेही सांगितले पाहिजे. अमेरिकेतील यादवीमुळे इंग्लंडच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेना. मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला आणि त्यावर शेअरांचा सट्टा माजला. प्रेमचंद त्या सट्ट्याचे अग्रणी होते. १८६५ साली यादवी संपली, बाजार कोसळला, आणि प्रेमचंदांची दौलत गेली. बँक ऑफ बॉम्बे बुडाली, तिच्या चौकशीत त्यांचेही नाव पुढे आले. अनेक कुटुंबे धुळीस मिळाली. दानाच्या पुण्याईने हा हिशेब पुसला जात नाही, असे आमचे मत आहे.

परंतु विद्यापीठाला दिलेले चार लाख त्या पडझडीतून वाचले. सर जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट यांच्या आराखड्यानुसार १ मार्च १८६९ रोजी पायाभरणी झाली आणि नोव्हेंबर १८७८ मध्ये २८० फूट उंचीचा राजाबाई टॉवर पुरा झाला. प्रेमचंद १९०६ साली वारले.

ती पत्रे एक वर्ष उशिरा लिहावयाची ठरली असती, तर लिहिण्यास हाती काही उरले नसते. त्यांनी राखून ठेवलेले गेले. देऊन टाकलेले राहिले. आमच्या वर्गणीच्या यादीवरचे आकडे अजून कागदावरच आहेत. हंगामाचा भरवसा प्रेमचंदांनाही होता.