एक जूनच्या तीन गाड्या

सारसोळ्यातला विजेच्या मोटारीचा मालक वाशी-बेलापूरला बिनघोर जातो. गणपतीला कणकवली गाठायची म्हटली, की चार्जिंगची चिंता सुरू होते. पण विजेवरचा लांबचा प्रवास आपल्याला नवा नाही.

१ जून १९३० रोजी ‘दख्खनची राणी’ मुंबई-पुणे धावू लागली, ती विजेवरच. अंतर १९२ किलोमीटर आणि बोरघाटात सदतिसास एक असा चढ. पण इंजिनाला विजेचा साठा वाहून न्यावा लागत नव्हता. ती वरच्या तारेतून वाटभर मिळे. त्या काळची मालगाड्यांची इंजिने तर घाट उतरताना वीज तारेत परत सोडत.

१ जून १९४८ रोजी एसटीची पहिली बस पुणे-अहमदनगर धावली. त्याच मार्गावर १ जून २०२२ रोजी बॅटरीवरची ‘शिवाई’ सुरू झाली. तिला तार नाही, पण मार्ग आणि वेळापत्रक ठरलेले आहे. त्यामुळे ती कुठे आणि किती वेळ चार्ज करायची, हे आधीच ठरवता येते.

खासगी मोटारीला तारही नाही नि वेळापत्रकही नाही. उतारावर तीही थोडी वीज परत मिळवते, पण तेवढ्याने कोकण गाठता येत नाही. सणाला सगळे एकदमच निघतात, तेव्हा वाटेत एखाददुसरा चार्जर असून भागत नाही. म्हणजे प्रश्न गाडीइतकाच रस्त्याचाही आहे. जी.आय.पी. रेल्वेने १९२९पर्यंत पुण्याला तारा नेल्या. राणी त्यानंतर धावली. आपण गाड्या आधी घेतल्या आहेत.