कृष्णविवरांची पुंज जटिलता

एखादी पुंज अवस्था साध्या आरंभिक अवस्थेपासून घडवण्यासाठी लागणाऱ्या मूलभूत पुंजद्वारांच्या किमान संख्येस पुंज जटिलता म्हणतात. हुआन माल्डासेना यांनी १९९७ साली मांडलेल्या द्वैतानुसार, प्रति-डी सिटर अवकाशातील कृष्णविवराचे वर्णन सीमेवरील पुंज प्रणालीद्वारे करता येते. ही प्रणाली लवकरच औष्णिक समतोल गाठते व तिची एन्ट्रॉपी स्थिरावते. कृष्णविवराचा अंतर्भाग मात्र त्यानंतरही दीर्घकाळ वाढत राहतो. या वाढीशी सीमेवरील कोणती राशी जुळते, या प्रश्नाला लिओनार्ड सस्किंड यांनी २०१४ च्या सुमारास जटिलता हे उत्तर सुचवले. या अनुमानानुसार जटिलता अंतर्भागाच्या कमाल आकारमानाच्या प्रमाणात असते. तिच्या वाढीचा दर स्थूलमानाने तापमान व एन्ट्रॉपी यांच्या गुणाकाराच्या प्रमाणात असतो. एन्ट्रॉपीनुसार घातांकी वाढणाऱ्या प्रदीर्घ कालावधीनंतर ही वाढ थांबते, अशी अपेक्षा आहे. हे अनुमान अद्याप सिद्ध झालेले नाही.